आठ मिलिमीटरचा हात आणि तीन किलोचं बाळ

वर्तमानपत्रात हल्ली अधूनमधून एक ठरावीक फोटो दिसतो. अमुक रुग्णालयात चिमुकल्यावर रोबोटिक शस्त्रक्रिया यशस्वी. मागे चार हातांचं यंत्र, पुढे डॉक्टरांची फळी, मधोमध आईच्या कडेवर काजळ-तीट लावलेलं बाळ. बातमीत यंत्राची किंमत असते, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची नावं असतात, कधी बाळाचं वजनही असतं. मी शोधते ती गोष्ट मात्र सापडत नाही. बाळाच्या पोटात गेलेलं अवजार किती मिलिमीटरचं होतं?

माझी नोकरी ही अवजारं मोजण्यात, पुसण्यात आणि सर्जनच्या हातात देण्यात गेली. मूळची मी कराडची. नर्सिंग करून मुंबईला आले, लहान मुलांच्या सर्जरीच्या थिएटरला लागले आणि तिथूनच इन-चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. आता पुण्यात असते, नव्या मुलींना थिएटरचं काम शिकवते. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर तर नाहीच. पण ट्रॉलीवर काय मांडलं होतं आणि त्यातलं काय सर्जननं वैतागून परत टाकलं, हे ट्रॉलीपाशी उभ्या असलेल्या बाईइतकं कुणालाच ठाऊक नसतं. खरेदीच्या बैठकीला तिला बोलावत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

तर मिलिमीटरचा हिशेब. सगळ्यात जास्त चालणारा रोबोट म्हणजे दा विंची. त्याची नेहमीची अवजारं ८ मिलिमीटर जाडीची. दुर्बिणीच्या साध्या शस्त्रक्रियेत, म्हणजे सर्जन स्वतः उभं राहून करतो त्या लॅपरोस्कोपीत, तान्ह्या बाळासाठी आम्ही ३ मिलिमीटरची अवजारं लावतो. आठ आणि तीन यांत फरक पाचाचा दिसतो; पण अवजाराचा छेद गोल असतो, त्यामुळे क्षेत्रफळात तो सातपटीचा होतो. साठ-सत्तर किलोच्या माणसाच्या पोटावर आठ मिलिमीटरचं भोक म्हणजे काहीच नाही. तीन किलोच्या बाळाच्या पोटावर अशी तीन भोकं पाडली की जखमांची बेरीज चोवीस मिलिमीटर होते, दुर्बीण आणि मदतनिसाचा पोर्ट (अवजार आत घालायची नळी) यांतलं एखादं वेगळं असेल तर त्याहून जास्त. आणि सहा महिन्यांच्या बाळाची किडनीची शस्त्रक्रिया चांगला बालशल्यचिकित्सक दोन-तीन सेंटिमीटरच्या एका चिरेतून उघडी करतो. मग रोबोटनं नेमकं काय लहान केलं?

रोबोटवर माझा राग नाही. उलट त्याचं मोठेपण मी जवळून पाहिलंय. मुलांमध्ये रोबोट सगळ्यात जास्त वापरला जातो तो पायलोप्लास्टीसाठी. किडनीतून लघवीची नळी जिथे सुरू होते ती जागा काही बाळांत जन्मतःच अरुंद असते. गरोदरपणीच्या सोनोग्राफीतच किडनी फुगलेली दिसते. तो अरुंद तुकडा कापून नळी पुन्हा किडनीला शिवायची, आत एक बारीक स्टेंट ठेवायचा. शिवायचा धागा केसाएवढा, टाके एकमेकांना लागून, आणि एक जरी ढिला राहिला तरी लघवी पोटात गळणार. लॅपरोस्कोपीच्या सरळ काठ्यांनी हे शिवताना भलेभले सर्जन घामाघूम झालेले मी पाहिलेत. रोबोटच्या अवजाराला टोकाशी मनगट असतं, ते सगळीकडे वळतं, हाताचा कंप गाळून टाकतं, दिसतंही त्रिमितीत. सर्जन बसून काम करतो, मान मोडत नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलीची पायलोप्लास्टी रोबोटवर होताना पाहणं म्हणजे सुखच आहे. मुलांमधल्या पहिल्या रोबोटिक शस्त्रक्रियांपैकी एक जर्मनीत फ्रँकफर्टला झाली, २००१ साली तिचा अहवाल छापून आला, त्यातली मुलगीही दहा वर्षांचीच होती. तिच्या पोटात जागा होती. वाद आहे तो तिच्यापेक्षा लहान मुलांचा, आणि त्यातही वर्षाच्या आतल्यांचा.

बाळाचं पोट हे मोठ्या माणसाच्या पोटाचं लहान रूप असतं असं बऱ्याच जणांना वाटतं. थिएटरमध्ये आल्यावर कळतं की हिशेबच वेगळा आहे. मोठ्या माणसाच्या पोटात आपण कार्बन डायऑक्साइड भरतो तो बारा ते पंधरा मिलिमीटर पाऱ्याच्या दाबानं. तान्ह्या बाळात सहा ते आठच्या वर जायला भूलतज्ज्ञ तयार नसतात, कारण तो वायू रक्तात मिसळतो आणि फुगलेलं पोट फुप्फुसांना खालून दाबतं. एवढ्या दाबावर आत जागा तयार होते ती जेमतेम लिटरभर. पोटाची भिंत इतकी पातळ की पोर्ट घसरून बाहेर येतो, म्हणून तो टाका घालून कातडीला बांधून ठेवावा लागतो. रोबोटच्या पोर्टवर एक जाड काळी पट्टी असते. ती पोटाच्या भिंतीतच राहिली पाहिजे, कारण यंत्राचा हात त्याच बिंदूभोवती फिरतो. पण पट्टी तिथे ठेवली की पोर्टचं टोक आत दोन-तीन सेंटिमीटर जातं, आणि बाळाच्या पोटात तेवढ्यावर किडनी आलेलीच असते. मग सर्जन पोर्ट वर उचलून धरतात, भिंत ताणतात, जागा कमावतात. जे अवजार आत वळायला हवं, त्याला वळायलाच जागा नाही. तांब्यात पळी घालून ती आत आडवी करून बघा, म्हणजे कळेल.

बाहेरची अडचण तर फोटोतही दिसते, पण कुणी बघत नाही. यंत्राचे हात प्रत्येकी माणसाच्या हाताहून जाड. ते एकमेकांवर आपटू नयेत म्हणून दोन पोर्टमध्ये साताठ सेंटिमीटर अंतर ठेवा अशी सर्वसाधारण शिकवण. बाळाच्या पोटावर अशी किती अंतरं बसतात? अमेरिकेतल्या काही बालमूत्ररोगतज्ज्ञांनी २०१५ साली फुटपट्टी घेऊन याचं उत्तर काढलं. कमरेच्या पुढच्या दोन हाडांमधलं अंतर १३ सेंटिमीटर किंवा कमी असेल, अथवा छातीच्या हाडाच्या टोकापासून जांघेच्या हाडापर्यंत १५ किंवा कमी, तर यंत्राचे हात आपटण्याचं प्रमाण वाढतं असं त्यांना दिसलं. मला हा अभ्यास फार आवडतो. वय नाही, वजन नाही, सरळ टेप लावून मोजायचं. आमच्या आज्या बाळाची झबली शिवताना हेच करायच्या.

भूलतज्ज्ञांचं वेगळंच दुखणं. यंत्राचे हात जोडले, त्याला डॉकिंग म्हणतात, की बाळ जवळजवळ यंत्राखाली गाडलं जातं. श्वासाची नळी सरकली, हृदयाचे ठोके उतरले तर तोंडापर्यंत पोचायला आधी यंत्र सोडवायचं. ते झटपट सोडवण्याची तालीम आम्ही मुलींकडून करून घ्यायचो, जशी आगीची करतात तशी. बाळाला फोमच्या गादीवर उंच ठेवायचं, हातपाय कापसाच्या रोलमध्ये गुंडाळायचे, थिएटर इतकं गरम ठेवायचं की आम्हीच भिजून जायचो, आणि एका सिस्टरनं फक्त एवढंच बघत उभं राहायचं की यंत्राचं कोपर बाळाच्या गालाला किंवा मांडीला टेकत नाही ना. यंत्राला ते कळत नाही. दा विंचीच्या सर्जनलाही स्पर्श बराच काळ कळत नव्हता, टाका किती ताणला हे डोळ्यांनीच ओळखायचं. ताणाची जाणीव देणारी अवजारं त्या कंपनीनं आणली ती २०२४ साली मंजुरी मिळालेल्या नव्या पिढीत.

एवढं ऐकल्यावर कुणीही म्हणेल, मग अवजारं बारीक करा की. ती केली होती. दा विंचीच्या जुन्या पिढ्यांसाठी ५ मिलिमीटरची अवजारं मिळायची. पण त्यात एक गोम होती, आणि ती समजल्यापासून मी ‘बारीक अवजार’ हा शब्द सावधपणे वापरते. ८ मिलिमीटरच्या अवजाराचं मनगट छोट्या कप्प्यांवरून जाणाऱ्या तारांनी वळतं, एका जागी आणि पटकन. पाचाच्या नळीत तेवढ्या कप्प्या मावेनात, म्हणून मणक्यांसारखे तुकडे एकापुढे एक ओवून लवचिक मान केली. ती वळते, पण कमान करून. म्हणजे जाडी कमी झाली आणि वळायला लागणारी लांबी वाढली. कातडीवरचं भोक लहान, आतली गरज मोठी. त्यामुळे ज्या बाळांसाठी पाचाची अवजारं काढली त्यांच्याच पोटात ती अडू लागली, आणि अनेक सर्जन बाळांसाठीसुद्धा पुन्हा आठाकडे वळले. प्रकारही मोजकेच होते. पुढे २०१४ साली एक्सआय नावाची नवी पिढी आली, तिच्याबरोबर पाचाची अवजारं आली नाहीत.

त्याआधीची गोष्ट तर आता कुणाला आठवतही नाही. झ्यूस नावाचा दुसरा रोबोट होता. २००१ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला बसलेल्या सर्जननं फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या बाईचं पित्ताशय काढलं, ते त्याच यंत्रानं. त्याची अवजारं दा विंचीपेक्षा सडपातळ, साडेतीन ते पाच मिलिमीटरची. २००३ मध्ये झ्यूसची कंपनी दा विंचीच्या कंपनीत विलीन झाली आणि झ्यूस बंद झाला. मोठ्या माणसांच्या प्रोस्टेटसाठी आणि गर्भाशयासाठी कोणतं यंत्र सोयीचं, यावर बाजार ठरला. मुलं त्या हिशेबात नव्हतीच. टोरोंटोच्या सिककिड्स रुग्णालयात मुलांसाठी म्हणूनच एक रोबोटिक हात बनवायला घेतला होता, अंतराळयानाला यांत्रिक हात पुरवणाऱ्या कंपनीच्या मदतीनं. अंतराळापर्यंत पोचलेली ती विद्या पाळण्यापर्यंत काही पोचली नाही; तो हात रोजच्या थिएटरात आला नाही.

आजही अगदी अंधार आहे असं नाही. सेनहान्स या रोबोटला ३ मिलिमीटरची अवजारं आहेत. अमेरिकेच्या एफडीएनं ती २०१८ मध्ये मंजूर केली आणि मुलांमधल्या वापराला २०२३ मध्ये मान्यता दिली. स्पर्शाची जाणीवही तो देतो. मात्र त्या तीनाच्या अवजारांना मनगट नाही, ती सरळच. म्हणजे रोबोटचा जो गुण मी वर इतका वाखाणला, तोच इथे गायब. २०२४ मध्ये ती कंपनी कार्ल स्टोर्झनं विकत घेतली. जगभरच्या मुलांच्या थिएटरात ३ मिलिमीटरची साधी अवजारं पुरवणाऱ्यांत स्टोर्झ जुनी, तेव्हा तिला बाळाचं पोट कसं असतं हे सांगावं लागणार नाही, एवढी आशा मी बाळगते. ब्रिटनमधल्या वर्शियस या रोबोटची अवजारं पाचाची आणि मनगटवाली. माणसांवर त्याची पहिली चाचणी झाली ती २०१९ साली आमच्या पुण्यात, दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात, प्रौढ रुग्णांवर. हे मी मुद्दाम सांगते. परदेशी यंत्राची जगातली पहिली परीक्षा पुण्यात होऊ शकते, तर मुलांसाठी काय हवं हे सांगायला आपण कुणाच्या परवानगीची वाट बघतोय?

मागे एका ट्रस्टनं खरेदीच्या बैठकीला मला बसवलं. मोठ्यांचे आणि मुलांचे असे दोन्ही विभाग असलेलं रुग्णालय, देणगीदार तयार, आणि देणगीचं पत्र लिहिताना ‘बालरुग्णांसाठी’ हा शब्द ठळक. कंपनीचा तरुण मोठ्या तयारीनं आला होता. माहितीपत्रकात मुलांचं एक स्वतंत्र पान होतं. हसरं मूल, फुगे, इंद्रधनुष्य. खाली अवजारांची यादी मात्र मोठ्यांच्या पानावरची तीच. मी विचारलं, “बाळा, पाच मिलिमीटरच्या खालचं काय आहे तुमच्याकडे?” तो प्रामाणिक होता. म्हणाला, “मॅडम, तेवढी डिमांड नाहीये.”

डिमांड नाही! या देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्माला येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं गाड्या घेऊन अंगणवाड्या आणि शाळा पालथ्या घालतात, जन्मजात दोष हुडकून मुलं शहरात पाठवतात. गडचिरोली, नंदुरबारहून निघालेली ती मुलं आणि त्यांचे भांबावलेले आईबाप मी वॉर्डाबाहेरच्या बाकांवर बघत आले. अमेरिकेतल्या कंपनीनं मुलांचा बाजार लहान आहे म्हणावं, तिथला जन्मदर बघता एक वेळ समजू शकते. आपल्याकडे मुलं भरपूर आहेत, त्यांच्या नावानं खरेदी करणाऱ्याला काय मागावं हे माहीत नाही, म्हणून मागणी कागदावर उमटत नाही. आता तर गुरुग्राममध्ये बनलेला एसएसआय मंत्रा हा देशी रोबोटही बाजारात आहे. आपल्या सरकारी रुग्णालयांनी, महापालिकांनी, मोठ्या ट्रस्टांनी एकत्र बसून सांगितलं की आम्हाला तीन ते पाच मिलिमीटरची, आखूड मनगटाची अवजारं हवीत आणि ती बनवणाऱ्याची आम्ही इतकी यंत्रं घेऊ, तर देशी कंपनीला तो धंदा नको असेल असं मला वाटत नाही.

तोवर बाळांवर आठाची अवजारं कशाला, यावर डॉक्टरमंडळींचं एक उत्तर ठरलेलं असतं, आणि ते खोटं नाही. म्हणतात, सिस्टर, आज आठानं सुरुवात केली नाही तर उद्या तीनाचं आलं तेव्हा हात बसलेला नसेल. कबूल. हात मोठ्या मुलांवर बसवा. दहा वर्षांच्या मुलाची पायलोप्लास्टी करा, बारा वर्षांच्या मुलीच्या पित्तनलिकेची गाठ काढा, शंभरदा करा. पहिल्याच वर्षी ‘सर्वांत लहान बाळ’ म्हणून बातमी द्यायची घाई कशाला? वय आणि वजन जितकं कमी तितकी बातमी मोठी, हा उलटा बाजार मला झेपत नाही. ज्या बाळाला तीनाच्या साध्या अवजारांनी किंवा दोन सेंटिमीटरच्या चिरेतून तितकंच चांगलं बरं करता येतं, त्याच्यावर विक्रम कशाला मांडायचे? ज्यांचा हात त्या चिरेत तयार झाला असे सर्जन आपल्याकडे आहेत, आणि त्यांचा फोटो कुणी छापत नाही.

पालकांनाही सांगते. हल्ली ते ओपीडीत आल्या आल्या विचारतात, “रोबोट आहे का?” विचारा, जरूर विचारा, त्याच्यापुढचंही विचारा. आमच्या बाळाच्या वजनाची मुलं तुम्ही यावर केली आहेत का, अवजार कितीचं लावणार, आणि आत जागा नाही पुरली तर पुढचा बेत काय. चांगला सर्जन या प्रश्नांवर रागावत नाही, कागद ओढून चित्र काढून दाखवतो.

आता पैशांचं. रोबोट काही कोटींचा, तो सगळ्यांना दिसतो. त्याच्या वर्षाच्या देखभाल करारात ३ मिलिमीटरच्या लॅपरोस्कोपीचे कित्येक सेट येतील, ते कुणाला दिसत नाहीत. रोबोटच्या अवजारात चिप असते. पूर्वी बहुतेक अवजारं दहा वापरांनंतर यंत्र नाकारायचं, धार शाबूत असली तरी. २०२० पासून कंपनीनं बऱ्याच अवजारांची मर्यादा बारा ते अठरापर्यंत वाढवली. म्हणजे त्यांना आयुष्याचा हिशेब तरी आहे आणि बदलीची तरतूदही. तीनाच्या गरीब अवजारांना चिप नाही, म्हणून ती मरेपर्यंत वापरली जातात. त्यांची दांडी नुसता हात टेकला तरी वाकते. इन्सुलेशनला तडा गेला तर डोळ्याला दिसत नाही आणि वीज भलतीकडे जाते. सीएसएसडीत, म्हणजे अवजारं निर्जंतुक करण्याच्या विभागात, त्यांच्यावर कुणी जड ट्रे ठेवला की संपलं. ती वेगळ्या पेटीत, मऊ ब्रशनं, एकाच माणसाच्या हातून धुतली जावीत यासाठी मी जन्मभर भांडले, आणि वाकलेल्याच्या जागी नवं मागितलं की स्टोअरमधून उत्तर यायचं, बजेट पुढच्या वर्षी.

म्हणून मुलांच्या नावानं निघणाऱ्या प्रत्येक टेंडरमध्ये माझं एवढं घाला. पाचाखालची कोणती अवजारं आज, आत्ता पुरवता येतात ते कंपनीनं लिहून द्यावं. मनगट वळायला नळीच्या टोकापुढे किती सेंटिमीटर लागतात तेही, कारण नुसता व्यास सांगून फसवता येतं. पाच किलोच्या आकाराच्या पुतळ्यावर, आमच्या थिएटरात, आमच्या सिस्टरांसमोर डॉकिंग करून दाखवावं. आणि रोबोटच्या आधी किंवा निदान त्याच्याबरोबर तीनाचे दोन पूर्ण सेट यावेत, त्यांच्या दुरुस्तीच्या करारासकट. त्या सेटमध्ये नीडल होल्डर दोन जास्तीचे मागा. पकड सगळ्यात आधी त्यांचीच जाते.